गुलाबाई बसली की कोळ्याचं जाळं बघायला बसा

माळ्यावर, पंख्यामागे, देवळीच्या कोपऱ्यात लोंबतं ते जळमट. दिवाळीआधी काठीला झाडू बांधून आपण काढतो ते. हा लेख त्याच्याबद्दल नाही. लिंबूच्या दोन फांद्यांमध्ये, कुंपणाच्या तारांमध्ये, विहिरीच्या कठड्याजवळ तिन्हीसांजेला एक गोल चाक उभं राहतं आणि बऱ्याचदा पहाटेपर्यंत नाहीसंही होतं, त्या जाळ्याबद्दल आहे. आमच्याकडे दोन्ही एकाच झाडूने झोडपली जातात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. जळमट म्हणजे सोडून दिलेलं, धूळ बसलेलं रेशीम. बागेतलं गोल जाळं मात्र त्याच दिवशी, त्याच रात्रीसाठी विणलेलं असतं.

पहिल्यांदाच बघायला बसणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. दहा ठिकाणी फिरून दहा कोळी बघू नका. एकच कोळी निवडा आणि सलग सात संध्याकाळ त्याच्यासमोर बसा. पुढचं सगळं हे सात दिवस कसे घालवायचे त्याबद्दल आहे.

हंगाम आणि वेळ

मृगाच्या पावसानंतर कोळ्यांची पिल्लं बाजरीच्या दाण्याएवढी असतात. जाळी तेव्हाही असतात, पण तळहातात मावतील एवढी, आणि नवख्या डोळ्याला ती दिसत नाहीत. श्रावण-भाद्रपदात किडे-पाखरं उदंड होतात, कोळी खातात, कात टाकतात, वाढतात. गावात गुलाबाई (मुलींचा गाण्यांचा सण) बसते त्या भाद्रपद पौर्णिमेपर्यंत माद्या भरात आलेल्या असतात. तिथून कोजागिरीपर्यंतचा महिना खान्देशात जाळी बघायला सगळ्यांत चांगला. मी हे शिकलो तेही तिथेच. बहिणीच्या मैत्रिणी ओट्यावर गुलाबाईची गाणी म्हणत, खाऊ ओळखायचा खेळ रंगे, आणि मी पायरीवर बसून बाजूच्या लिंबूच्या झाडात काय चाललंय ते बघत असे. गाणी सुरू व्हायची आणि कोळी कामाला लागायचा, वेळ जवळजवळ एकच.

ती वेळ चुकवू नका. ऑक्टोबरात आपल्याकडे सहा-सव्वासहाला दिवस मावळतो. त्याच्या थोडं आधी जागेवर बसलेलं बरं. आपल्या परसातला तपकिरी, गोलसर पोटाचा कोळी बहुतेकदा निओस्कोना या गटातला असतो. दिवसभर तो गुंडाळलेल्या पानात किंवा फांदीच्या बेचक्यात पाय आवळून बसतो आणि उजेड ओसरला की बाहेर येतो. सव्वासातला जेवण उरकून गेलात तर जाळं तयार मिळेल, आणि बघण्यासारखा निम्मा भाग संपलेला असेल.

कोळी आपल्या सोयीने वेळ बदलत नाही, याची एक खरी हकिगत आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये हान्स पीटर्स नावाचे प्राणिशास्त्रज्ञ जाळी विणण्याचा अभ्यास करत होते. त्यांचे कोळी पहाटे विणत आणि त्यांना रोज अवेळी उठावं लागे. १९४८ मध्ये त्यांनी पीटर विट या औषधशास्त्रज्ञाला विचारलं की, काही औषध देऊन ही वेळ पुढे ढकलता येईल का? विट यांनी वेगवेगळी द्रव्यं देऊन पाहिली. वेळ हलली नाही, जाळ्यांचे आकार मात्र बिघडले. तेव्हा जेवण मागेपुढे करायचं ते आपणच.

जागा आणि तयारी

कोळ्याला तीन गोष्टी लागतात: दोर बांधायला दोन आधार, मधे मोकळी वाट आणि त्या वाटेने जाणारं पाखरू. दोन झाडांमधली फट, फाटकाची चौकट, ओट्यावरच्या दिव्याच्या आजूबाजूची जागा, केळीच्या बागेत दोन ओळींमधला पट्टा, कपाशीच्या शेताचा बांध. मी नवख्या माणसाला घराजवळचीच जागा घ्यायला सांगतो, कारण सात दिवस नेमाने जायचं आहे.

सामान फार नाही. बसायला पाट किंवा खुर्ची, घड्याळ, वही आणि काचेवर लाल जिलेटीनचा कागद बांधलेली बॅटरी. पांढऱ्या झोताने पाखरं गोळा होतात आणि कोळीही बिचकतो. लाल उजेडाचा त्याला फारसा त्रास होत नाही. काळी छत्री असेल तर उघडून जाळ्याच्या मागे धरा, दोरे स्वच्छ दिसतात. जाळ्यावर पावडर किंवा पीठ उडवायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, त्याने डिंक मरतो आणि कोळ्याचं त्या रात्रीचं काम वाया जातं.

भीती कोळ्याची ठेवायची नाही. हे बागेतले कोळी स्वतःहून अंगावर येत नाहीत, आणि मुठीत दाबल्यावर चावले तरी माणसाला त्यातून धोका होत नाही. भीती पायाखालची ठेवा. बांधावर, पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ, दगडी पाळीत मण्यार असते, फुरसं असतं, विंचू असतो. बंद बूट घाला, बसायच्या आधी बॅटरीने जमीन नीट बघा, हात टेकू नका. आणि नुकती फवारणी झालेल्या शेतात जाऊच नका.

विणताना बघणं

ही मुख्य गोष्ट आहे, म्हणून सावकाश सांगतो.

सुरुवात वाऱ्यावर होते. कोळी फांदीच्या टोकाला येतो, पोट वर उचलतो आणि मागच्या टोकातून एक अतिशय हलका धागा सोडतो. कोळी तो धागा फेकत नाही. झुळूक येते आणि त्याला ओढून नेते. धागा समोर कुठेतरी अडकला की कोळी तो ताणून बघतो. पक्का वाटला तर त्यावरून पलीकडे जातो आणि जाता जाता दोर जाड करतो. हा पूल. दोन झाडांमध्ये एवढ्या उंचावर दोर बांधला कसा, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, त्याचं उत्तर ही झुळूक आहे. वारा अगदी पडलेला असेल तर कोळी वाट बघत बसतो, जोराचा असेल तर कामच काढत नाही. कालचा पूल शाबूत असेल तर तोच पुन्हा वापरतो, म्हणून पहिल्या दिवशी ही पायरी दिसली नाही तरी खट्टू होऊ नका.

मग तो पुलावर एक ढिला दोर टाकतो आणि त्याच्या मधोमध येऊन तिथून खाली उतरतो. ढिला दोर त्याच्या वजनाने खाली खेचला जातो आणि इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार तयार होतो. तीन दोर जिथे मिळतात तो जाळ्याचा मध्य. कागदावर परकारने काढावं तसं हे वर्तुळ आधी काढलेलं नसतं. आधी मध्य सापडतो आणि बाकी सगळं त्याच्याभोवती येतं.

आता चौकट आणि आरे. कोळी मध्यातून निघतो, एका आऱ्यावरून बाहेर जातो, चौकटीवर थोडं सरकून नवा दोर चिकटवतो आणि परत मध्याला येतो. पुढचा आरा बहुतेकदा शेजारी टाकत नाही, दुसऱ्या बाजूला टाकतो. सायकलच्या चाकाला तार बसवणारा मिस्त्री एका अंगाला ताण येऊ नये म्हणून आळीपाळीने तारा ओढतो, तसंच. आरे मोजा. मी लिंबूच्या झाडावर मोजले तेव्हा एकदा १९, एकदा २२ भरले. वहीत रोजचा आकडा लिहा.

आरे झाले की नवख्याची हमखास फसगत होते. कोळी मध्यापासून बाहेरच्या दिशेने मोठ्या अंतराचे वेढे घेत जातो आणि आपल्याला वाटतं, झालं जाळं. ते झालेलं नसतं. हे वेढे कोरडे असतात, चिकट नसतात. गवंडी भिंत बांधायला परांची बांधतो ना, ती ही परांची. आऱ्यांना धरून ठेवायची आणि चालायला आधार द्यायची. काठाशी पोचल्यावर कोळी उलटा फिरतो, आणि खरं काम इथून पुढचं.

आता तो बाहेरून आत येत चिकट धाग्याचे दाट वेढे घालतो. पुढच्या पायाने आधीचा वेढा चाचपून अंतर ठरवतो, मागच्या पायाने धागा ओढून आऱ्यावर दाबतो. पाऊल, दाब, पाऊल, दाब. आणि जसा आत येतो तशी परांची तोडत येतो. तयार जाळ्यात परांची दिसत नाही ती त्यामुळे. हा भाग सगळ्यांत लांब चालतो. पूल बांधलेला असेल तर सगळं मिळून अर्धा ते एक तास लागतो, आणि हे सगळं जवळजवळ अंधारात, पायांच्या स्पर्शावर. त्याची नजर अधू असते.

एका ऑक्टोबरात मी असाच शेतात बसलो होतो. सालदार बाबा बैलांना पाणी दाखवून येताना थांबले आणि म्हणाले, "काय देखी राह्यना भाऊ?" मी हाताने शेजारी बसायला सांगितलं. बसले, आणि शेवटचा वेढा पुरा होईपर्यंत उठले नाहीत. आयुष्य शेतात गेलेल्या त्या माणसाने जाळी हजारदा पाहिली होती, पण होताना कधी पाहिलं नव्हतं.

तयार जाळं वाचायला शिका

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाळं झाल्यावर जवळ जा, पण श्वास लागणार नाही इतकं अंतर ठेवा. भिंगातून बघितलं तर वेढ्याच्या धाग्यावर डिंकाचे बारीक मणी ओवल्यासारखे दिसतील. आऱ्यांवर ते नसतात. कोळी आपल्याच जाळ्यात का अडकत नाही याचं निम्मं उत्तर तेच: तो कोरड्या आऱ्यांवरून चालतो. उरलेलं निम्मं त्याच्या पायात आहे. टोकाची नखं आणि बारीक केस धाग्याला अगदी थोडेच टेकतात आणि अलगद सुटतात.

दोन्ही धाग्यांची कामं वेगळी. आरा ताठ आणि मजबूत. वेढ्याचा धागा मूळ लांबीच्या दुपटीहून जास्त ताणला जातो. वेगात आलेलं पाखरू ताठ दोरावर आदळलं तर उसळून निघून जाईल. लवचीक धागा त्याचा जोर पोटात घेतो आणि तेवढ्यात डिंक धरतो. या डिंकात हवेतला ओलावा ओढून घेणारी द्रव्यं असतात, म्हणून दमट हवेत तो जास्त चांगला धरतो. भुसावळ-जळगावच्या वैशाखातल्या कोरड्या झळांमध्ये मला परसात असली जाळी क्वचितच दिसली आहेत, आणि हस्ताचा पाऊस सरल्यावरच्या दमट संध्याकाळी त्यांचं पीक येतं.

जाळ्याचा मध्य खरा मधोमध आहे का ते बघा. बहुतेक उभ्या जाळ्यांत तो थोडा वर असतो, खालचा भाग मोठा. कोळी बसतोही डोकं खाली करून. खाली धावणं सोपं आणि वेगाचं, म्हणून खाली जास्त जाळं ठेवणं फायद्याचं. वजनाचा हा संबंध १९७३ मध्ये फार सुंदर रीतीने तपासला गेला. अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकावर अराबेला आणि अनिता नावाच्या दोन बागेतल्या माद्या नेल्या होत्या. वजन जाणवत नसलेल्या त्या जागेत अराबेलाची पहिली जाळी विसकटलेली झाली, पण काही दिवसांत तिने नीट गोल जाळं विणलं. त्यातला धागा पृथ्वीवरच्यापेक्षा बारीक आणि जाडीला असमान होता.

पहाटे एकदा तरी उठा. निओस्कोना उजाडायच्या आधी जाळं गोळा करतो आणि खाऊन टाकतो. रेशीम म्हणजे प्रथिन, तेच पचवून पुढचा धागा बनतो. धूळ आणि परागकण बसून डिंक निकामी झालेलाच असतो. पूल तेवढा मागे राहतो.

शिकार

इथे संयम लागेल. एखाद्या संध्याकाळी काहीच अडकत नाही.

कोळी मध्यावर बसला असेल तर त्याचे पाय आऱ्यांवर टेकलेले दिसतील. तोच त्याचा कान आणि तोच डोळा. पायांवरच्या बारीक चिरांसारख्या इंद्रियांना धाग्याचा थरथराट कळतो. वाऱ्याने सगळं जाळं हलतं तेव्हा तो ढिम्म असतो. पंखांची फडफड मात्र नेमक्या काही आऱ्यांतूनच येते आणि तो तिकडे वळतो. फडफड थांबली तर पायांनी आरे हिसकून बघतो: कुठला दोर जड लागतोय? वजन कळलं की थेट तिथे. वाळकं पान अडकलं असेल तर दोर तोडून खाली टाकून देतो.

पुढे काय करायचं ते भक्ष्य बघून ठरतं, आणि मला हेच सर्वांत जास्त आवडतं. नाकतोडा, भुंगा असं अंगाने दणकट काही असेल तर आधी रेशीम: मागच्या पायांनी पोटातून रुंद पट्टा ओढून तो भक्ष्याभोवती गुंडाळतो, आणि बांधून झाल्यावर चावतो. पतंग असेल तर बऱ्याचदा आधी चावा, मग गुंडाळणं. पतंगाच्या पंखांवरची भुकटी डिंकाला लागून राहते आणि पतंग निसटतो, म्हणून घाई. प्रत्येक शिकारीसमोर वहीत दोनच शब्द लिहा, 'आधी बांधलं' किंवा 'आधी चावला', आणि पुढे किड्याचं नाव. सात दिवसांत बरंच कळेल.

कोळी घास गिळत नाही. पाचक रस भक्ष्यावर ओततो, जबड्यांनी ते मळतो आणि विरघळलेलं शोषून घेतो. सकाळी जाळ्याखाली किड्यांचा चोळामोळा झालेला चोथा सापडतो तो त्यामुळे.

शाळेच्या प्रयोगशाळेत स्वरकाटा (ट्यूनिंग फोर्क) मिळत असेल तर एक जुना प्रयोग करून बघा. चार्ल्स व्हर्नन बॉईज या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १८८० मध्ये बागेतल्या कोळ्यावरच केला होता. काटा वाजवून त्याचं टोक जाळ्याच्या काठाला हलकेच टेकवा. माशी आली असं समजून कोळी धावत येतो. एका कोळ्यावर एका संध्याकाळी एकदाच. वारंवार फसवलं तर त्याची शक्ती फुकट जाते.

दिवसा बसणारा

ज्यांना रात्री जमत नाही त्यांच्यासाठी फुलीवाला कोळी आहे. इंग्रजीत त्याला सिग्नेचर स्पायडर म्हणतात, शास्त्रीय गट आर्गिओपी. पिवळे-चंदेरी पट्टे असलेली मादी भर उन्हात जाळ्याच्या मध्यावर बसते, आठ पाय दोन-दोन जोडून, गुणाकाराच्या चिन्हासारखे. जाळ्यात त्याच फुलीच्या रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी शिलाई असते. लहान पिल्लांच्या जाळ्यात फुलीऐवजी मधे पांढरी चकती दिसते. घाणेरीच्या झुडपात, तुरीच्या पाटात, कण्हेरीत शोधा.

ही शिलाई कशासाठी, यावर अभ्यासकांत वाद आहे. काहींच्या मते ती अतिनील किरण परावर्तित करून कीटकांना ओढते. काहींच्या मते पक्ष्यांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते मोडू नये म्हणून आहे. भक्षकाला मादीचा आकार नीट कळू नये, हेही एक कारण सांगतात. वेगवेगळ्या जातींत पुरावा वेगवेगळ्या बाजूने मिळाला आहे. मला कारण एकच असेलसं वाटत नाही. तुम्ही रोज फुलीचे किती हात आहेत ते नोंदवा. कधी चार, कधी दोन, कधी एकही नाही.

बोट जवळ नेलंत तर ती जाळं इतक्या जोरात झुलवते की तिचा आकारच धूसर होतो. तरी मागे हटला नाहीत तर धाग्याने खाली गवतात उडी घेते. असं झालं तर तुम्ही फार जवळ गेलात. त्याच जाळ्याच्या एका बाजूला बारीकसा, फिक्या रंगाचा, पायांची काडी झालेला कोळी दिसला तर तो तिचा नर असण्याची शक्यता आहे. चंदेरी, टोकदार पोटाचे थेंबाएवढे कोळी दिसले तर ते अर्गायरोडिस, दुसऱ्याच्या जाळ्यातलं चोरून खाणारे.

आजूबाजूला दिसतील ते

आडव्या जाळ्यात, मधोमध छिद्र असलेला, लांब पायांचा हिरवट-चंदेरी कोळी पाण्याजवळ दिसतो. दवाच्या सकाळी बांधावरच्या गवतावर पांढरे रुमाल पसरल्यासारखे दिसतात, कोपऱ्यात नळी असते आणि नळीच्या तोंडाशी हिपासा नावाचा कोळी बसलेला असतो. बाभूळ किंवा बोरीच्या फांदीवर वाळक्या पानांचा, मळक्या कापसासारखा गोळा असेल तर ते सामाजिक कोळ्यांचं घर, स्टेगोडिफस. एकेका घरात कितीतरी माद्या एकत्र राहतात आणि मोठा किडा मिळून ओढतात. त्यांच्या धाग्याला डिंक नसतो, अतिबारीक लोकरीच्या तंतूंनीच तो धरतो. पिल्लं मोठी होताना शेवटी आपल्या आईलाच खातात.

जाळं न विणणारेही आहेत. कपाशीच्या पानावर काटेरी पायांचा हिरवट कोळी उड्या मारत मावा-तुडतुडे टिपतो. रात्री बॅटरी कपाळाशी धरून बांधावर नजर टाका, जमिनीवर हिरवट ठिणग्या चमकतील. ते लांडगा कोळ्यांचे डोळे.

शेतकरी मित्रांसाठी एवढंच. कोळी गुलाबी बोंडअळीचा पतंग खातो, तुडतुडे खातो, आणि मधमाशीही खातो, तो निवड करत नाही. पण सरसकट फवारणीत किडींबरोबर तोही मरतो, आणि किडी त्याच्याआधी परत येतात. मला हे आमच्याच वावरात दोनदा दिसलं आहे. बांधावरची झुडपं जाळू नयेत, एवढं तरी करता येईल.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी तुम्ही बसाल आणि पानातून कोणी बाहेर येणार नाही. जुना पूल तेवढा लोंबत असेल. तेव्हा आसपासची गुंडाळलेली पानं खालून बघा. एखाद्यात पिवळसर रेशमाची मऊ गादी असेल, त्यात अंडी आहेत. पान तोडू नका, उलगडूही नका. फांदीला रंगीत दोरा बांधून खूण करा आणि झाड छाटायला येणाऱ्याला तेवढी फांदी ठेवायला सांगा.